विश्रांतीच्या दिवसांची आवणी

मला स्वस्थ बसवत नाही. लहानपणापासूनचं आहे हे. फाट्यावर एसटीची वाट बघतानाही मी येरझाऱ्या घालायचे, आणि डिंभ्याकडची एसटी कधी वेळेवर आलीय? अशा मुलीला पुण्यातल्या आमच्या सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, "तुला पळायला नाही, थांबायला शिकवावं लागेल." मला रागच आला. पळायला आलेय, तर थांबू कशाला?

सर आम्हा पाच हजार मीटरवाल्या मुलींना तयार करायचे. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. त्यांच्याकडे छातीला बांधायचा एक पट्टा होता. तो बांधून पळालं, की हृदयाचे ठोके मनगटावरच्या घड्याळात दिसायचे. बोटाला सुई टोचून ते रक्ताचा थेंब घ्यायचे आणि किती वेगात गेलं की आपले पाय भरून येतात, ते सांगायचे. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायची. नाडी चढलेली असली तर शरीर थकलंय, त्या दिवशी कमी पळायचं. शरीर पळताना झिजतं आणि विश्रांतीत भरून निघतं, हे ते इतक्या वेळा बोलायचे, की आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. पण माझी वेळ खरोखरच कमी होत गेली आणि माझं तोंड बंद झालं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय शिबिरासाठी निवड चाचणी होती. तीन मुली घेणार होते. मला त्यातली एक जागा हवी होती, दुसरं काही नको होतं. जुलैत वसतिगृह तीन आठवडे बंद राहणार म्हणून आम्हाला घरी पाठवलं. सरांनी वेळापत्रक लिहून दिलं. कुठल्या दिवशी किती पळायचं ते, आणि आठवड्यातल्या दोन दिवसांपुढे लिहिलं होतं, पूर्ण विश्रांती. दर चार दिवसांनी फोन करून नाडी कळवायची होती.

घरी भाताची आवणी चालू होती. वडील नारायणगावच्या मार्केटमध्ये हमालीला, त्यामुळे खाचरात आई एकटी. विश्रांतीच्या पहिल्या दिवशी मी कशीबशी अर्धा तास घरात बसले. आई डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेत म्हणाली, "आज पळायचं न्हाई ना? मंग चल की." मी टुणकन उठले. दिवस मावळेपर्यंत चिखलात वाकून रोपं लावली, रोपांचे भारे वाहिले. घरी येऊन वहीत लिहिलं, विश्रांती. आपण खोटं लिहितोय असं मनातसुद्धा आलं नाही. शेतात जाणं आमच्यात कोण मोजतं? ते जेवणासारखं, अंघोळीसारखं.

नाडी चढायला लागली. एसटीडी बूथवरून सरांना आकडा सांगितला तर ते म्हणाले, "आणखी एक दिवस पळू नकोस." मी आणखी एक दिवस आवणीला. पुढच्या फोनला आकडा अजून वर. "आता दोन दिवस पूर्ण बंद." मी दोन दिवस आवणीला. तिकडे सर माझं पळणं कापत होते आणि इकडे आई खूश, की यंदा पोरगी लई हाताशी आली. माझी मात्र नुसती चिडचिड. झोप लागेना, जेवण जाईना. पळू देत नाहीत म्हणूनच असं होतंय, अशी माझी पक्की समजूत. सरांच्या नावानं बोटं मोडत मी रोपं लावत होते.

पुण्याला परतले तेव्हा चाचणीला आठ दिवस उरले होते. सरांनी ट्रेडमिलवर पळवलं, बोट टोचलं, आकडे बघितले आणि खुर्ची ओढून समोर बसले.

"विश्रांती घेतलीस?"

"हो."

"त्या दिवशी काय काय करायचीस?"

"काही नाही सर. आवणी."

सर शहरातले. आवणी म्हणजे काय ते मला उठून, वाकून दाखवावं लागलं. दिवसाचे किती तास, त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं, यातला एकही दिवस विश्रांतीचा नव्हता. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "चूक माझी आहे," ते म्हणाले, "मी फक्त पळण्याचंच विचारत राहिलो."

ते आठ दिवस त्यांनी मला जवळजवळ झोपवूनच ठेवलं. खोली खायला उठायची. चाचणीत शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या तोवर मी तिसरी होते. मग पाय जड झाले, एक मुलगी बाजूनं पुढे गेली आणि तिच्या पाठीकडे बघत मी चौथी आले.

घरी गेले ती आईला सुनावायचं ठरवूनच. नाडी, रक्त, वही, सगळं सांगितलं. "तुझ्या आवणीनं माझी जागा गेली," हेसुद्धा बोलले. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"मला सांगायचं न्हाई व्हय, बाई? मी लावलं असतं की एकटीनं."

रागानं नाही बोलली ती. आणि खरंच लावलं असतं तिनं, सगळं खाचर, एकटीनं, आणि मी घरात पाय लांब करून पडून राहिले असते. त्यापेक्षा चौथी आले तेच बरं, असं म्हणावंसं फार वाटतं. पण म्हणवत नाही, कारण ती जागा मला अजूनही हवी आहे.