दुपारी चारला बंद पडणारी मोटर

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते. पण खरं सांगू? वाचता वाचता मनातल्या मनात प्रत्येकाचा फॉल्ट शोधत असते. दार आपोआप उघडलं? बिजागरी बघा. भिंतीतून आवाज येतो? पाण्याचा पाइप बघा. धंदाच तसा आहे माझा. मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहते. लोकांच्या घरी स्मार्ट बल्ब, कॅमेरे, स्विच बसवून देते आणि बिघडले की दुरुस्तही करते. "ताई, आपोआप होते" म्हणणारं गिऱ्हाईक रोज भेटतं. आपोआप काही होत नसतं. टायमर लागलेला असतो, नाहीतर घरातल्याच कुणाच्या जुन्या मोबाइलवर ॲप सुरू असतं. हे मी आजवर छातीठोकपणे सांगत आले... हिंगणीच्या त्या दुपारपर्यंत.

निलेश नावाच्या माणसाचा पुण्याहून फोन आला. त्याचे वडील वसंतराव हिंगणीला एकटेच राहतात. घराला लागूनच शेत; वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात. विहिरीवरच्या मोटरला निलेशने वायफायचा स्विच बसवून दिला होता आणि घरात एक स्मार्ट स्पीकर ठेवला होता, म्हणजे बोलूनही मोटर चालू-बंद करता यावी. पंधरा दिवसांपासून ती मोटर रोज दुपारी चारच्या सुमारास बंद पडत होती.

"ॲपमध्ये दाखवते, आवाजाने बंद केली," निलेश म्हणाला. "पण बाबा तर त्यावेळी वावरात असतात. घरात कोणीच नसते, ताई."

मी अकरा वाजता पोचले. वसंतकाका उंच, शांत माणूस. चहा स्वतःच करून दिला. मी कामाला लागले. टायमर नव्हता. अकाउंटवर दुसरा कुणाचा मोबाइल नव्हता. टीव्हीतल्या बोलण्याने स्पीकर जागा होतो, म्हणून टीव्ही बघितला — तर त्याचं कनेक्शनच काढलेलं. राउटर रीस्टार्ट केला, पासवर्ड बदलला, स्विच पुन्हा नव्याने जोडला.

"कोणी येतं का काका, दुपारचं?"

"कोण येते? मंदा होती तवा बाया येत. आता कोणी नाई."

मंदाकाकू म्हणजे त्यांची बायको. हिवाळ्यात गेली, अचानक.

साडेतीन झाले. मी शेवटचा उपाय केला. स्पीकरचा प्लग काढला आणि वायर गुंडाळून टेबलावर ठेवली. त्या स्पीकरला बॅटरी नसते. प्लग काढला की तो नुसता डबा. ॲपमध्येही लगेच 'ऑफलाइन' आलं. म्हटलं, आता बघू कसा ऐकतो!

मोटर सुरू केली. काका फावडं घेऊन, अनवाणी, वांग्याकडे निघाले. मी विहिरीजवळच्या शेडमध्ये स्विचसमोर स्टूल टाकून बसले, हातात मोबाइल. ऊन होतं, वारा नव्हता. पाण्याचा एकसुरी आवाज चालला होता.

आणि कट् असा आवाज होऊन मोटर थांबली.

मी ॲप उघडलं. चारला दोन मिनिटं कमी. 'आवाजाने बंद.' खाली स्पीकरने ऐकलेलं वाक्य दिसतं, ते उघडलं. स्पीकर निलेशने हिंदीवर लावलेला. म्हणून याआधीच्या सगळ्या दुपारच्या नोंदी 'मोटर बंद करो' अशा. ही तशी नव्हती. लिहिलं होतं —

'बाई मोटर बंद करजो वं'

रेकॉर्डिंग लावून ऐकलं. दोन सेकंदांची नुसती खरखर. मी पळत घरात गेले. स्पीकर टेबलावर, वायर गुंडाळलेली, जशी ठेवली तशी.



तशीच वावरात गेले. काका वाफ्याच्या तोंडाशी ओल्या मातीत उभे, पाणी वळवायला वाकलेले. मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी ओळ वाचली. परत वाचली. मग फावडं खाली ठेवलं.

"तिले त्या स्पीकरचं नाव घेता येत नसे," ते हळू आवाजात म्हणाले. "बाई म्हने त्याले. मेथी निवडत बसे अन् म्हने, बाई, मोटर बंद करजो वं. ते काही आयकत नसे. मंग ती मलेच भांडे... काऊन आनलं म्हने हे."

मी काही बोलणार, तेवढ्यात खाली लक्ष गेलं. त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर मोटरची केबल चिखलात गेली होती आणि तिथलं आवरण उंदरांनी कुरतडलं होतं. आत तांब्याची तार चमकत होती.

"काका, मागे या. आधी मागे या!"

त्यांना दूर कोरड्या धुऱ्यावर, बांधावर उभं केलं. मोटर पुन्हा चालू केली आणि कोरड्या फळीवर उभं राहून टेस्टर लांबूनच मातीला टेकवला. दिवा लख्ख पेटला.

काका खालीच बसले. "मी रोज चारला इथंच उभा राह्यतो," म्हणाले. "मोटर बंद पडली का वाफा वळवून घेतो, मंग घरी जाऊन चालू करतो. रोज वाटे, कटकट आहे..."

केबल त्याच दिवशी बदलली. रात्री निलेशला सगळं सांगितलं.  कंपनीच्या मदत केंद्राला स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं : ॲप काढून पुन्हा टाका. विजेची गळती झाली की आपोआप बंद करणारं यंत्र त्या मोटरला नव्हतं, मी स्वतः तपासलंय. जुनी नोंद उशिरा पोचली म्हणावं, तर रोज त्याच वेळी कशी? आणि शेवटची तर बंद स्पीकरमधून? काहीच जुळत नाही.

महिनाभराने काकांना फोन केला. मोटर नीट चालते का, विचारलं.

"चालते नं. केबल बदलली तवापासून एकदाबी बंद नाई पडली."

"चांगलं झालं की, काका."

"हो... चांगलंच झालं." मग म्हणाले, "चारला मी वावरात जात नाई आता, पोरी. घरातच बसतो जरासा, त्या स्पीकरपाशी. मंदा आता काऊन काही बोलून नाई राह्यली?"