गंगूबाईंचं कपाळ

इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी भित्तिचित्रं काढणाऱ्या आमच्या संस्थेच्या संध्याताईंनी बजावलं होतं, "आपण माणसाला विचारून त्याचं चित्र काढतो. आधी दोन दिवस त्याच्यापाशी बस, मगच ब्रश उचल."

पण मला कुठला दम निघतोय! बुवापाड्याच्या भिंतीवर गंगूबाईंचा चेहरा काढायचा होता. पस्तीस वर्षं काडेपेटीच्या कारखान्यात राबलेली बाई. तिला काय विचारायचं? मोबाइलमधल्या फोटोवरून मी दुपारपर्यंत चेहरा पुरा केला. कपाळ ओकंबोकं वाटलं, म्हणून ठसठशीत कुंकू लावून टाकलं. आमच्या खरवई गावात बाईचं चित्र त्याशिवाय पुरंच होत नाही.

चार वाजता गल्ली जमली.

"कोणाला विचारून लावलंस हे?" गंगूबाईंचा मुलगा धम्मदीप म्हणाला. त्यांच्या दारावरचा निळा झेंडा मला तेव्हा कुठे दिसला.

गंगूबाई काठी टेकत आल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या. "छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा माझ्या आईनं हे पुसलं. मी तर जन्मात लावलं नाही."

मी घाईघाईनं कातडीचा रंग कालवून कुंकवावर फिरवला. तो वाळला तसा खालचा लाल पुन्हा वर आला. धम्मदीप पुढे सरकला. गंगूबाईंनी त्याला काठीनं अडवलं, खुर्ची मागवली आणि माझ्यासमोर बसल्या.

"एकदा पुसून जात नाही ते, पोरी," त्या म्हणाल्या. "मार अजून एक हात."