खालचा सूर

आमच्या वृंदात आठ बायका होत्या. पेटी नाही, तबला नाही. एक तानपुरा आणि आठ गळे. परभणीत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी आम्हाला गोळा केलं होतं. दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी तालीम असायची.

मी पिंगळीच्या शाळेत शिक्षिका. वृंदातली एक जण चुडाव्याहून यायची. घरची शेती, एक म्हैस, दोन्ही लेकी सासरी. वयानं माझ्याहून बरीच मोठी. पॅसेंजरमध्ये ती माझ्यासाठी जागा धरून ठेवायची आणि परभणीपर्यंत आम्ही दोघी हलक्या आवाजात गाणं घोळवत जायचो.

तिचा आवाज जाड होता. लहानपणी शाळेत त्यापायी तिला गाण्यातून उठवलं होतं म्हणे. बाईंनी मात्र तिला खालचा सूर दिला. आम्ही सात जणी चालीबरोबर वरखाली फिरायचो, ती खाली जवळजवळ एकाच जागी धरून असायची. एका रविवारी ती आली नाही, तर गाणं काही केल्या उभं राहीना. शेवटी बाईंनी तालीम थांबवून चहा टाकला.

गणपतीत ताडकळसला गायलो, दोनतीन शाळांच्या संमेलनांत गायलो, आणि मग रेडिओवर बोलावणं आलं. स्टुडिओत पंखे बंद केले. बांगड्या वाजतील म्हणून त्या काढा म्हणाले. तिनं काढल्या नाहीत, दोन्ही मनगटांना रुमाल बांधला. ती माझ्या डाव्या हाताला उभी होती. गाणं तिसऱ्यांदा मनासारखं झालं.

ते लागलं तेव्हा ती कापूस वेचत होती. नवऱ्यानं बांधावर बसून मोबाइलवर लावलं आणि उतरवूनही घेतलं. पुढच्या रविवारी गाडीत ती मला म्हणाली, "मालक इचारायले, यात तुझा आवाज कुठला? मला बी सांगता येईना."

मी हसले. पिंपळावरची पाखरं कुठं एकेक मोजता येतात का, असं काहीतरी बोलले आणि विषय तिथंच राहिला.

पोळ्याच्या आधी तिला कावीळ झाली. उशिरा लक्षात आलं. पंधरा दिवसांत ती गेली.

महिन्याभरानं तिचा नवरा शाळा सुटायच्या वेळी माझ्याकडे आला. टोपी मांडीवर ठेवून बाकावर बसला. घरात तिचे फोटो आहेत, पण आवाज कुठंच नाही, असं त्यानं सांगितलं. तिचा एकटीचा आवाज असलेलं काही मिळेल का? ती गेल्यावर मीच रेडिओ केंद्रात चौकशी केली होती. त्या दिवशीच्या आधीच्या दोन्ही खेपांची रेकॉर्डिंग पुसली गेली होती. आठ जणींचं तेवढंच एक उरलं होतं, आणि ते त्याच्याकडे होतंच.

मग मला सुचलं ते मी केलं. रिकाम्या वर्गात त्याच्यासमोर बसून तिची खालच्या सुराची ओळ मी एकटीनं गायले. तीनदा. त्यानंतर रेकॉर्डिंग लावलं. तो डोळे मिटून ऐकत होता. दुसऱ्या कडव्याला त्यानं बोट वर केलं.

"हे का, ताई?"

"हेच."

त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. चार वेळा ऐकलं. मग म्हणाला, "म्हशीचं दूध काढताना असंच गुणगुणायची. मला वाटायचं, म्हशीला गोंजारायलीय."

तो गेल्यावर मी बाक सरळ केला, वर्गाला कुलूप लावलं. दोन वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि एकदाही तिला म्हटलं नाही, की बाकीच्यांना थांबू द्या, तुम्ही एकट्या गा, मला ऐकायचंय.

बाईंनी आता तो सूर मला दिलाय, मला तो पाठ आहे म्हणून. माझा गळा तिथवर नीट उतरत नाही. बाई म्हणतात, उतरेल. तालमीत मी डावीकडे जरा जागा सोडून उभी राहते; कुणी मला सरक म्हणत नाही.