मिठाविना पान

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा आई नुकतीच जेवायला बसली होती. ताटातलं मीठ बोटानं सारखं करत राहिली... महिना झाला, ते बोट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. "धारवाडला उंदीर पाळतो," अशी मी त्याची चेष्टा करायची. प्रयोगशाळेत तो उंदरांच्या पोटातल्या कॅन्सरचा अभ्यास करायचा. काही उंदरांना पाण्यातून नुसतं रसायन, काहींना त्याच्या जोडीला खारट खाणं. खारट खाणाऱ्यांत गाठी जास्त निघायच्या. "सुमे, सुरुवात रसायन करतं, मीठ ते वाढवत नेतं," असं सांगताना त्याचा आवाज एकदम खाली यायचा. मग मला जेवण जात नसे.

रविवारी तो हुबळीला आईकडे यायचा. लोणचं बंद, ताकातल्या मिरच्या बंद! आमच्यात पान वाढताना पहिलं मीठ पडतं, तर हा पानावर हात आडवा धरायचा. आई भडकायची, "बिनमिठाचं पान श्राद्धाला वाढतात, मेल्या! जित्या माणसाला नाही." आणि चिमूटभर वाढायचीच. तो त्याला बोट न लावता जेवून उठायचा. दोघंही हट्टी, काय बोलणार?

एकदा मी डबा घेऊन प्रयोगशाळेत गेले. अण्णा त्या रसायनाची पिवळी भुकटी पाण्यात कालवत होता. हातमोजे खिडकीत वाळत पडलेले. बोटं टॉवेलला पुसली आणि तसाच डबा उघडायला लागला.

"अण्णा, अरे हात तरी धू!"

"मी काय ते पितोय का गं?" तो हसला. मिठावर एवढी नजर ठेवणारा माणूस!

पुढं काही वर्षांनी त्याचं जेवण तुटलं. दोन घास खाल्ले की ताट सरकवायचा. "उंदरांचंही असंच व्हायचं. आधी खाणं सुटतं..." म्हणाला. त्याच्याही पोटात गाठ निघाली. कशानं झाली, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. मला मात्र तो टॉवेल आठवतो आणि संताप येतो, अण्णाचाच.

तेराव्याला अण्णाचं पान आईनंच वाढलं. भात, वरण, त्याची आवडती वांग्याची भाजी. सवयीनं मी मिठाची वाटी पुढं केली. आईनं माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याला नको असतं."