रेघेवरून उचललेला दगड

मला दगडांविषयी लिहायचं आहे, पण सुरुवात आईच्या पोळ्यांपासून करावी लागेल. पोळ्या नसत्या तर मला त्या मैदानावर कोणी नेलंच नसतं.

आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो, एका गॅरेजमागच्या दोन खोल्यांत. आत्याने इथून बाबांसाठी अर्ज केला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, आणि व्हिसा हातात आला तेव्हा मी कळवणच्या शाळेत आठवीत होते. बाबा गॅस स्टेशनवर काम करतात. आई इथल्या इंजिनीअर लोकांना डबे देते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आधी कम्युनिटी कॉलेज, आता स्टेट युनिव्हर्सिटी, विषय भूगर्भशास्त्र. मुलगी काय शिकते, असं कोणी विचारलं की आई सांगते, "दगडं शिकते." त्यात तिला काही कमी वाटत नाही, आणि आता मलाही वाटत नाही.

डबा घेणाऱ्यांत एक काका-काकू होते, मूळचे पुण्याचे. दोघंही मोठ्या पगाराच्या नोकरीत. त्यांनी नुकतंच घर घेतलं होतं आणि पुढच्या महिन्यात वास्तुशांत होती. तिचा सगळा स्वयंपाक आईकडे दिला होता. आईचं हे पहिलंच मोठं काम. ते नीट झालं तर आणखी चार ठिकाणी नाव होईल, या हिशेबाने ती हरखून गेली होती. मोठी पातेली कोणाकडून आणायची, पुरणाला कोण मदत करेल, हेच तिच्या डोक्यात चालू असायचं.

डबा पोचवायला गेले असताना मी काकांना सरकणाऱ्या दगडांबद्दल सांगितलं. डेथ व्हॅलीच्या एका टोकाला रेसट्रॅक नावाचं वाळलेल्या तळ्याचं सपाट मैदान आहे. तिथे दगड पडलेले आहेत आणि प्रत्येक दगडामागे तो जिथून सरकत आला त्याची रेघ आहे. कोणी ढकललेलं नाही, ओढलेलं नाही. मला ते पाहायचं होतं, पण तिथला रस्ता आमच्या जुन्या गाडीला झेपणारा नव्हता.

"अरे, मग जाऊ की थँक्सगिव्हिंगला!" काका म्हणाले. "जीप रेंट करू. तू आमची गाइड. आणि मावशींनाही घेऊन ये, त्यांनाही चेंज."

मावशी म्हणजे माझी आई. काकू आईपेक्षा सहा-सात वर्षांनी तरी मोठ्या आहेत, पण त्याही आईला मावशीच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, किती आपुलकी. मग एकदा त्यांच्याकडे पार्टी होती. तिथे वयाने आईएवढ्याच बाकीच्या बायकांना काकू त्यांच्या नावाने हाक मारत होत्या. मावशी एकटी आईच होती. पोळ्या करणारी, भांडी घासणारी, मुलं सांभाळणारी बाई कितीही लहान असली तरी मावशी, हे तिकडून इथवर जसंच्या तसं आलं आहे. मी आईला बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणू दे गं. चेकवर नाव बरोबर लिहितात ना?"

निघायच्या आदल्या दिवशी आई दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी करत होती. आम्हाला पाहुण्या म्हणून बोलावलं होतं, पण काकूंचा फोन आला होता: "मावशी, वाटेत खायचं तेवढं तुम्हीच बघाल ना? बाहेरचं कोण खाणार!" पीठ मळताना आई मला म्हणाली, "तिथं जरा कमी बोल. काम हातात यायचंय अजून."

जीपमध्ये आम्ही पाच जण. काका चालवत होते. शेजारी त्यांच्या ऑफिसमधला नागपूरचा एक इंजिनीअर, त्याला मी दादा म्हणत होते. मागे काकू, आई आणि मधे मी. शेवटचा रस्ता धारदार खडीचा. गाडी अशी थडथडत होती की बोलता येत नव्हतं, आणि आईने डब्यांची पिशवी पूर्ण वेळ मांडीवर धरून ठेवली होती.

मैदान दिसलं. ते पाहून काय वाटलं हे मला नीट सांगता येणार नाही. वाळलेल्या चिखलाच्या लहान लहान फरश्या, नजर जाईल तिथपर्यंत. त्यावर काळे दगड, आणि प्रत्येकामागे रेघ. काही सरळ, काही मधेच वळलेल्या, काही शेजारी शेजारी एकाच वळणाने गेलेल्या. हे कसं होतं ते मी वर्गात शिकले होते. हिवाळ्यात कधीतरी इथे उथळ पाणी साचतं, रात्री त्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरतो. सकाळी ऊन लागलं की तो तडकतो आणि त्याचे मोठे पापुद्रे हलक्या वाऱ्यानेही सरकतात, दगडांना हळूहळू पुढे लोटत. खालचा चिखल निसरडा असतो. पाणी आटलं की रेघ उरते. कारण माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला.

थोडं पुढे कोणीतरी गाडी मैदानात घालून गोल गोल फिरवली होती. टायरचे खोल वण चिखलात तसेच होते. ते कित्येक वर्षं जात नाहीत.

"काय लोक असतात!" काका तळमळून म्हणाले. "सिव्हिक सेन्स नावाची गोष्टच नाही."

मला त्यांचं बोलणं ऐकून खूप बरं वाटलं. मी उत्साहाने दादाला लांबचे दगड दाखवायला घेऊन गेले. मैदान कोरडं होतं, चालायला हरकत नव्हती. मी खूप बोलले. कमी बोलायचं ठरलं होतं ते विसरूनच गेले.

परत येताना काकूंचा आवाज ऐकू आला.

"अहो मावशी, हे काय चाललंय तुमचं?"

गाडी उभी केली होती तिथे, खडीच्या कडेला, आई उकिडवी बसली होती. तिने लहान दगडांवर दगड रचले होते. मी बघताक्षणी ओळखलं. आमच्याकडे वणीच्या गडावर वाटेत अशा कितीतरी रचना असतात. देवीकडे घर मागायचं असलं की माणसं दगडावर दगड ठेवतात. खोल्या हव्या तेवढे मजले. आईने दोन मजले केले होते.

"घर मागते," आई हसून म्हणाली. "अशी जागा पुन्हा कुठं बघायला मिळायची."

"इथे असलं काही करायचं नसतं हो. नॅशनल पार्क आहे हे. फाइन बसेल आम्हाला."

"मावशी, हे इंडिया नाहीये," काका म्हणाले. चिडून नव्हे, समजुतीच्या सुरात, लहान मुलाला सांगावं तसं. दादा हसला. काकू म्हणाल्या, "आणि देवी काय डेथ व्हॅलीत येणार आहे का मॉर्गेज द्यायला?"

आईही हसली. तिने एकेक दगड उतरवला आणि जिथून घेतला होता तिथे परत ठेवला. मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मी ते पाहिलं: तिला प्रत्येकाची जागा आठवत होती. काकूंचं म्हणणं चूक नव्हतं. मीही आईला सांगितलंच असतं की असं रचायचं नाही. पण मी तिच्याशेजारी बसून सांगितलं असतं. तिच्या घरावर हसले नसते.

मग जेवायची वेळ झाली. आईने गाडीच्या मागची आइसबॉक्स उघडली, ताक काढायला. तिचा हात तिथेच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी जवळ गेले. टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक दगड होता, नारळाएवढा, काळा, आणि त्याच्या तळाला वाळलेला फिकट चिखल चिकटलेला होता.

आईने टॉवेल परत ओढला आणि ताकाची बाटली काढून झाकण लावलं. डोळ्यांनीच मला सांगितलं, नको. मला कळलं ती काय सांगते आहे. पुरण, पातेली, चार ठिकाणी होणारं नाव. मी दशमी हातात घेऊन उभी राहिले. 

"काका," मी शेवटी म्हणाले, "तो आत दगड आहे, तो इथला का?"

"दिसला का? सरप्राइज ठेवणार होतो." ते मनापासून खूश होते. "इकडे या बाजूला सापडला."

"रेघेवर होता?"

"मग! म्हणून तर घेतला. साधे दगड काय, होम डेपोमध्ये पण मिळतात."

"बॅकयार्डात तुळशीपाशी ठेवणार आहोत," काकू म्हणाल्या. "चालणारा दगड. वास्तुशांतीला सगळ्यांना दाखवू."

"तिथे तो चालणार नाही ना पण," मी म्हणाले.

"स्प्रिंकलर फुल सोडा, चालेल," दादा म्हणाला, आणि सगळे हसले.

"काका, तो परत ठेवायला हवा." "इथून दगड न्यायचे नसतात. आणि दगड नेला की नुसती रेघ राहते, मग काही कळत नाही त्यातून."

"रिलॅक्स, बेटा. शेकडो आहेत. एका दगडाने काय होतंय?"

"आईच्या एवढ्याएवढ्या दगडांनी काय होत होतं?"

मी हे ठरवून बोलले नव्हते. बोलल्यावर दादाच्या तोंडातल्या पुरीचा तेवढा आवाज ऐकू आला.

"ए, गप," आई म्हणाली.

"तिला तुम्ही फाइनची भीती घातलीत," मी म्हणाले. "तिने खडी उचलली होती, तीही परत ठेवली. आणि तेव्हा हा दगड गाडीत होता, काका. टॉवेलमध्ये गुंडाळलेला. तुम्हाला माहीत होतं म्हणून तर गुंडाळला."

"किती उद्धट बोलतेय ही!" काकू आईकडे वळल्या. "मावशी, आम्ही प्रेमाने घेऊन आलो आणि हे?"

आई चटणीच्या डब्याचं झाकण लावत होती आणि ते नीट बसत नव्हतं.

"मी गाडीत बसणार नाही," मी म्हणाले. कुठे जाणार होते देव जाणे. फोनला रेंज नव्हती, चालत जायचं तर पाणी नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

काकांनी आइसबॉक्स उघडली, दगड काढला आणि खडीवर टाकला. "घे. हॅपी?"

"कुठल्या रेघेवर होता?"

"अगं, मी काय फोटो काढून ठेवलाय का? होता तिकडे कुठेतरी." त्यांनी हात हलवला. त्या हाताखाली अर्धं मैदान आलं.

मी दगड उचलला आणि चालू लागले. थोड्या वेळाने दादा मागून आला. "दे इकडे, भारी आहे यार." त्याने तो घेतला. आम्ही त्या बाजूच्या रेघा पाहत गेलो. एक रेघ टोकाला रिकामी दिसली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग शेजारी दुसरी रिकामी दिसली. मग आणखी एक. म्हणजे आमच्याआधीही माणसं येऊन गेली होती, त्यांच्याही घरी अंगणं होती. मी दगडाचा तळ प्रत्येक रेघेशी लावून बघितला. कधी रुंद, कधी अरुंद, कधी जुळल्यासारखा वाटे आणि पुन्हा शंका येई. मी गुडघे टेकून बसले होते आणि मला रडू येत होतं, दुःखाने कमी, रागाने जास्त.

"कुठल्याही रेघेवर ठेव ना," दादा म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "कोणाला कळतंय?"

"ते खोटं होईल. पुढे कोणी मोजायला आलं तर त्याला वाटेल हा इथूनच आला."

मागून हॉर्न वाजला. अंधाराच्या आत खडीचा रस्ता संपवायचा होता. शेवटी मी तो दगड डोंगराच्या पायथ्याशी ठेवला, जिथे कड्यावरून पडलेले दगड असतात आणि ज्यांना अजून रेघ नसते. त्याने आजवर जे अंतर कापलं होतं ते पुसलं गेलं, ते काही माझ्याने परत करता आलं नाही. काका गाडीत म्हणाले, "झालं समाधान?" मी नाही म्हणाले. ते खरंच होतं.

परतीच्या वाटेवर काकूंनी गाणी लावली. आईच्या मांडीवर रिकामे डबे वाजत होते.

पुढच्या आठवड्यात काकूंचा मेसेज आला. वास्तुशांतीसाठी केटरर बुक केला आहे, मावशींना उगाच त्रास नको. खाली हात जोडलेलं चित्र. डबाही बंद झाला. आईने मेसेज मला वाचून दाखवायला लावला आणि नंतर माझ्याशी बोलणं बंद केलं. बाबा आमच्या दोघींच्या मधे चहाचे कप ठेवून कामावर जायचे.

एका सकाळी पोळ्या लाटता लाटता ती तव्याकडे बघत म्हणाली, "दगड परत ठेवायला लावलास ते बरोबर केलंस."

मी पोळी भाजत होते. थांबले.

"पण गेलं ते काम माझं होतं. तुझं नव्हतं. मला एकदा विचारायचंस."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मग मी गप्प बसायचं होतं?"

"मला काय ठाऊक?" आई म्हणाली. "शिकतेस तू. पण माझ्या वतीने बोलायचं तर आधी माझ्याकडे बघायचं. त्यांनी नाही बघितलं, तूही नाही बघितलंस."

मला वाटत होतं मी तिच्यासाठी बोलले. काकांवरचा माझा राग आजही तेवढाच आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही. पण त्या दिवशी आइसबॉक्सपाशी आईने डोळ्यांनी नको म्हटलं होतं, ते मी पाहिलं होतं.

"पाहिलं होतं मी," मी म्हणाले. "तरी बोलले."

"ते माहितेय मला," ती म्हणाली, आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.