ओठावरचा जर, डिशमधला विषाणू

ओठावर जर, म्हणजे ते तापात उठतात तसले झोंबणारे फोड, आला तो नेमका त्याच सकाळी. नाशिक रोडच्या घरी दात घासताना आरशात पाहिलं आणि ओरडलेच, "अगं बाई! आजचाच मुहूर्त सापडला?"

कारण हाच जर आणणारा हर्पिसचा विषाणू आम्ही प्रयोगशाळेत, डिशमध्ये वाढवलेल्या चेतापेशींत झोपवला होता. माणसाच्या अंगातही तो असाच चेतापेशींत झोपून असतो. औषध देऊन गप्प केला, मग औषध काढलं, तरी गप्पच. पण गप्प म्हणजे झोपलेला की मेलेला? मेला असेल तर सगळं मुसळ केरात. कळायला मार्ग एकच, पेशींची उपासमार करून त्याला उठवायचं. उठला तर पेशी हिरव्या चमकतील, अशी सोय त्याच्यात आधीच केलेली. उपासमार सुरू करून काही दिवस झाले, तरी डिश काळ्याच. पेशींची खेपही शेवटची. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी बजावलं होतं, आता नाही जमलं तर विषय बंद. त्या काळजीनं माझी झोप उडालेली.

ओठावर जर असेल त्याने पेशींना हात लावायचा नाही, हा नियम माझाच. माझी सहकारी हातमोजे चढवत म्हणाली, "मॅडम, नियम म्हणजे नियम. बसा बाहेर." काय आनंद झाला होता तिला!

बसले. काचेपलीकडे ती सूक्ष्मदर्शकापाशी, अलीकडे मी स्क्रीनसमोर. काळं. नुसतं काळं.

"डावीकडे घे गं! अगं, जरा हात उचल!" माझा जीव टांगणीला आणि ही गोगलगाय.

मग कोपऱ्यात एक हिरवा ठिपका दिसला. म्हटलं, धूळ असेल. तिनं चित्र मोठं केलं तर ठिपक्याला लांबलचक शेपूट! चेतापेशीच ती. शेजारी आणखी एक, मग घोळकाच. विषाणू न घातलेल्या डिश मात्र ठार काळ्या, अगदी हव्या तशा.

"उठला! अगं, उठला!" मी खुर्चीवरून उडालेच. ती आत नाचायला लागली. "आधी डिश ठेव खाली, बये!"

आरडाओरडा ऐकून सर धावत आले. स्क्रीनवर वाकून हिरव्या पेशी मोजायला लागले.

"विषय चालू," ते म्हणाले. "पण तू बाहेर का बसलीस?"

मी मास्क खाली केला. "सर, उपासमारीनं तिकडचा उठला, काळजीनं इकडचा."

ते खो खो हसले, मीही हसले, आणि ओठ टचकन फाटला. असा झोंबला म्हणता! झोंबू दे मेला, मी हसतच राहिले.