आण्णांचा वेल

मी शिकावं म्हणून आण्णांनी मला कधी चांदी कोरायचं कलम हातात धरू दिलं नाही. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात घरोघरी चांदीचं काम चालतं. कुणी तार ओढतं, कुणी घुंगरू जोडतं, बायका रिठ्याच्या पाण्यात पैंजण धुतात. माझे वडील, आण्णा, कोरीव काम करायचे. त्यांचा स्वतःचा एक वेल होता: आंब्याची पानं, मधूनमधून कैरी. मी जवळ जाऊन बसले की म्हणायचे, "पुस्तक घे. हितं काय ठेवलंय?" त्यांच्या त्या हट्टामुळे मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, पुण्यात संगणकाच्या नोकरीला लागले आणि पुढे नेदरलँड्सला आले. त्या हट्टाचे उपकार मी विसरलेले नाही.

पण गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. भाऊही शिकून बँकेत लागलेला. आण्णांनी हत्यारांना तेल लावलं, फडक्यात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. आईने हे फोनवर, गावात पाऊस झाला असं सांगावं, तितक्या सहज सांगितलं. त्या संध्याकाळी कापेल गावातल्या माझ्या ऑफिसातून घरी येताना मी ठरवलं, हा वेल मी शिकणार. आण्णा सांगू शकतायत तोवर शिकणार.

इथे चांदी कोरायला कोण शिकवणार? शोधता शोधता कळलं, की द हेगमध्ये सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत एक बाई दर शनिवारी शिकवतात. त्या कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या क्वाक्वाकावाक्व या मूळनिवासी समाजातल्या. लग्न होऊन इकडे आलेल्या. आजोबा सीडरच्या लाकडात खांब आणि मुखवटे कोरायचे, आई चांदीची कडी करायची, मामा दोन्ही. बाईंच्या मनगटावर आईच्या हातचं रुंद कडं होतं. त्यावर एक डोमकावळा, पंख असे वळवलेले की कड्याच्या दोन्ही टोकांपर्यंत एक बोटभर जागा रिकामी नव्हती. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "हा शिकवाल का?"

"हात शिकवीन," त्या म्हणाल्या. "हत्याराला धार लावणं, न थांबता वळण कापणं, सगळं. कावळा मात्र नाही."

"अवघड आहे म्हणून?"

"आमच्या घराण्याचा आहे म्हणून."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे चित्रावर हक्क असतो आणि तो घराण्यात उतरतो. आईने त्यांना तो दिला तेव्हा मोठी मेजवानी झाली, पाहुण्यांसमोर जाहीर केलं गेलं. पाहुणे जेवले, भेटी घेऊन गेले, आणि त्या बदल्यात हक्क आता कुणाचा, हे त्यांनी लक्षात ठेवायचं होतं. एके काळी तिकडच्या सरकारने अशा मेजवान्यांवर बंदी घातली होती. लोकांनी त्या लपूनछपून चालू ठेवल्या.

"तुझ्या घरचं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"वेल आहे. वडिलांचा."

"त्यांनी तो तुला दिलाय?"

मला हसू आलं. आमच्या पेठेत कोण कुणाला काय देतं? एकाची नक्षी बाजारात चालली की आठवड्यात शेजारच्या दुकानात दिसते.

"मग माग," बाई म्हणाल्या. "देणारा आहे तोवर मागणं सोपं असतं."

मी लगेच मागितला नाही. आधी हाताला काहीतरी येऊ दे, मग विचारू, असं वाटलं. पहिले काही महिने तांब्याच्या पट्ट्यांवर नुसत्या रेघा. हत्यार निसटायचं आणि पट्टीभर ओरखडा जायचा. बाई मान वर न करता म्हणायच्या, "संगणकवाली, इथे अनडू नाही. मनगट मोकळं सोड." घरी मी जेवणाच्या टेबलावरच सराव करायचे. नवऱ्याने एकदा पोळी उजेडात धरून विचारलं, "यात तांबं आलं तर आयुर्वेदिक समजायचं का?" त्यानंतर मी खिडकीजवळ वेगळं टेबल टाकलं, पण सराव सोडला नाही.

हात जरा बसल्यावर चांदीची पट्टी घेतली. आण्णांनी आईसाठी कोरलेल्या चांदीच्या पाटल्या आईने मला लग्नात दिल्या होत्या. त्या समोर ठेवून मी एकेक पान उतरवलं. चार पानं, एक कैरी. बाईंनी भिंगातून पाहिलं. "रेघ स्वच्छ आहे. आता ज्याची आहे त्याला दाखव."

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. आण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मला बराच वेळ त्यांचं कपाळच दिसत होतं.

"चांगलं काम हाय," ते म्हणाले. "कुणाचा वेल म्हणायचा हा?"

"अहो आण्णा, तुमचाच की!"

"न्हाई. माझ्या पानाला शिरा असत्यात."

मागून आई म्हणाली, "अहो, पाटल्यांवर असाच तर आहे."

मी पाटली कॅमेऱ्यासमोर धरली. आण्णांनी ती पाहिली आणि आईकडे वळले. "दर दिवाळीला रिठा आन् रांगोळी घेऊन बसायचीस. घासून घासून समदं पुसलंस की गं!"

"मग काय काळ्या पाटल्या घालून हिंडू? चांदीवाल्याची बायको मी!"

मी पाटलीवरून बोट फिरवत राहिले. लहानपणापासून मला ती पानं गुळगुळीतच माहीत होती. प्रत्येक पानात केसासारख्या बारीक शिरा होत्या आणि त्या माझ्या कळत्या वयाच्या आधीच झिजून गेल्या होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. पेठेत ज्यांनी नक्कल केली त्यांनीही शिरा गाळल्या होत्या. तेवढा वेळ कोण घालवणार? आण्णांनी कोरलेलं बाकी सगळं विकलं गेलेलं. म्हणजे खरा वेल आता फक्त आण्णांच्या डोक्यात होता, आणि तो कागदावर काढायलाही हात स्थिर नव्हता.

"आण्णा," मी म्हणाले, "हा वेल मला द्या. आईसमोर द्या."

"हे काय नवीन? सगळ्यांनी उचलला. मी कुणाला अडवलं?"

"मला उचलायचा नाही. तुम्ही दिलेला पाहिजे."

त्यांनी फोन मांडीवर ठेवला, मला नुसतं छत दिसलं. मला वाटलं, रागावले. मग हळूच म्हणाले, "शिरांसकट घ्यावा लागंल. जमंल?"

"जमेल."

"पट्टी धर मग. शिरा देठाकडनं भाईर मारायच्या न्हाईत. कडेकडनं आत यायचं, आन् देठाला लागायच्या आत कलम उचलायचं. लागली की पान मेलं."

त्या रविवारी माझी सगळी पानं मेली. पुढच्या रविवारीही. आण्णा फोनवर पाहायचे आणि एकच शब्द बोलायचे: "पुन्हा." ऑफिसातून आल्यावर मी कुकर लावायचे आणि त्याच्या शिट्या होईपर्यंत शिरा मारायचे. शनिवारी बाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पान कसं असावं, यावर चकार शब्द काढला नाही. त्यांनी माझ्या हत्याराचं टोक तेवढं आणखी बारीक घासून दिलं. "बाकीचं त्यांच्याकडून," म्हणाल्या.

मग एका रविवारी आण्णांनी फोन खाली घेतलाच नाही. पुन्हापुन्हा बघत राहिले. "आणखी जवळ धर," म्हणाले. शेवटी मान हलवली. "हे पान माझं हाय." आणि आत वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस न्हवं? दिला तिला वेल."

"ऐकलं," आईचा आवाज आला. "लक्षात ठेवते. तुमच्या दोघांच्या नादात भात लागला, तेपण लक्षात ठेवते."

आण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही; ते पट्टीकडेच पाहत होते. "आता कैरी," ते म्हणाले. कैरीच्या पोटात म्हणे जाळी होती. तीही पाटल्यांवर उरलेली नाही. मी नवी पट्टी घेतली आणि विचारलं, "कुठून सुरू करू?"